पद्मिनीचा एसी आणि सिग्नलला घसरणारे आयडलिंग

तुमच्या प्रश्नाचा गाभा थोडक्यात असा आहे. गाडी १९८८ची प्रीमियर पद्मिनी, इंजिन मूळचेच १०८९ सीसीचे, कार्बोरेटर सोलेक्स, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, आणि मागाहून बसवून घेतलेला एसी, ज्याचा कॉम्प्रेसर ५०८ जातीचा आहे. ठाण्यातल्या सिग्नलला एसी लावून उभे राहिले की इंजिन थरथरत खाली येते आणि शेवटी बंद पडते. मेकॅनिकने स्लो स्क्रू (थ्रॉटल पूर्ण मिटू न देणारा स्क्रू) आवळून आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनाची मंद चाल, वाढवून दिले. आता गाडी बंद पडत नाही, परंतु एसी नसताना इंजिन उगाच रेसमध्ये राहते, उभ्या गाडीत पहिला गिअर टाकताना खरखर होते, आणि चावी काढल्यावरही इंजिन चार गचके खाऊन मगच थांबते. यावर आयडल-अप (एसी लागताच थ्रॉटल किंचित उघडून आयडलिंग सावरणारी जोडणी) बसवावे का आणि बसवायचे तर कोणत्या प्रकारचे, असे तुम्ही विचारले आहे.

आयडल-अप जरूर बसवावे, मात्र ते सर्वांत शेवटी. उभ्या गाडीत कॉम्प्रेसर इंजिनावर जो भार टाकतो तो पद्मिनीसारख्या गाडीत बहुधा असायला हवा त्यापेक्षा बराच जास्त असतो, आणि तो कमी न करता नुसते थ्रॉटल (इंजिनात जाणारे मिश्रण कमी-जास्त करणारी पाकळी) उघडत राहणे म्हणजे चुकीच्या जागी उपचार करणे होय. स्लो स्क्रू तर या कामासाठी वापरूच नये. त्याची कारणे पुढे येतील.

आधी भाराचा अंदाज घेऊ. ५०८ कॉम्प्रेसर एका फेरीत सुमारे १३८ सीसी वायू ओढतो. आयडलिंगला तो चालवण्यासाठी, हवा किती तापलेली आहे त्यानुसार, साधारण एक ते दीड किलोवॅट शक्ती खर्च होते. आकडा लहान वाटतो, कारण इंजिनाची शक्ती आपण नेहमी वरच्या आरपीएमवर (मिनिटाच्या फेऱ्यांवर) मोजतो. ८०० आरपीएमवर एक किलोवॅट काढायची तर १२ न्यूटन-मीटर टॉर्क जास्तीचा लागतो, आणि आयडलिंगला असलेल्या इंजिनाकडे जास्तीचे असे काहीच नसते. थ्रॉटल जवळजवळ मिटलेले असते आणि आत जाणारे मिश्रण जेमतेम इंजिनाचे स्वतःचे घर्षण भागवण्यापुरते असते. त्यामुळे कॉम्प्रेसरचा क्लच (एसी लागला की कॉम्प्रेसरला पट्ट्याच्या पुलीशी जोडणारा, गाडीचा नव्हे) चिकटताच आरपीएम खाली येणे हे स्वाभाविक आहे. प्रश्न फक्त किती खाली येते, आणि तिथे स्थिरावते की घसरतच जाते, एवढाच आहे.

तुमची गाडी घसरत जाते, आणि माझ्या मते निदानाची किल्ली इथेच आहे. क्लच चिकटताक्षणी इंजिन बंद पडत असते तर मी थेट कार्बोरेटरकडे बोट दाखवले असते. पण सिग्नलला थांबल्यावर पहिले अर्धे मिनिट ठीक जाऊन मग आरपीएम हळूहळू उतरत असेल, तर दोष कंडेन्सरवरील (एसीचा वायू थंड करून द्रवरूप करणाऱ्या जाळीवरील) हवेचा असतो. पद्मिनीचा पंखा वॉटर पंपाच्या शाफ्टवर, पट्ट्याने फिरणारा आहे. इंजिन मंद झाले की पंखा मंद होतो, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमधून हवा कमी जाते, वायू नीट थंड होत नाही, आणि हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या बाजूचा, दाब चढतो. आर-१३४ए हा वायू ४० अंशांना द्रवरूप होत असेल तर दाब सुमारे १३३ पीएसआय असतो; तोच ६० अंशांना व्हायला लागला की दाब २३० पीएसआयच्या घरात जातो. वाढत्या दाबाविरुद्ध वायू दाबायला कॉम्प्रेसरला अधिक जोर लागतो, म्हणून इंजिन आणखी मंद होते, म्हणून पंखा आणखी मंद होतो. हे चक्र एकदा सुरू झाले की इंजिन बंद पडूनच थांबते.

याची खात्री करून घेण्याची रीत सोपी आहे, आणि एसीचे काम करणाऱ्या कोणत्याही चांगल्या कारागिराकडे त्यासाठी लागणारे गेज असते. गाडी दुपारच्या वेळी उघड्यावर उभी करावी, एसी पूर्ण वेगावर ठेवावा आणि हाय साइडचा काटा पाहत राहावे. बाहेर ३५ अंश असताना काटा दोनशे ते सव्वादोनशेच्या आसपास टिकला तर ठीक. तो अडीचशे ओलांडून २८०-३००कडे सरकू लागला आणि त्याबरोबर इंजिनाचा आवाज जड होत गेला, तर जाळीतून कंडेन्सरवर मगभर पाणी ओतावे. पाणी पडताच वाफ उठते, काटा झपाट्याने खाली येतो, आणि कोणीही स्क्रूला हात न लावता इंजिनाचा आवाज मोकळा होऊन आरपीएम वर चढते. पाणी वाळले की काटा पुन्हा चढू लागतो आणि आवाज पुन्हा दबतो. हे एकदा समोर पाहिले की दोष कार्बोरेटरचा नाही हे मालकालाही वेगळे सांगावे लागत नाही.

चाचणी अशी निघाली तर कंडेन्सरपुढे वेगळा विजेचा पंखा बसवणे हाच पहिला इलाज आहे, आणि तो क्लचच्या वायरीवरून रिलेमार्फत चालवावा, म्हणजे कॉम्प्रेसर चालू असेपर्यंत पंखा फिरेल. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट बाजूंनी पत्र्याने किंवा रबरी पट्टीने बंद करणे हे कामही फुकटात होण्यासारखे आहे, तरी ते फारसे कोणी करत नाही. फट उघडी असली की रेडिएटरमागची गरम हवा उभ्या गाडीत फिरून पुन्हा पुढे येते.

दुसरे कारण वायूचे असते. तुमचा एसी १९९०च्या दशकात बसवलेला असेल तर तो मूळचा आर-१२ वायूवरचा असणार. आर-१२ ओझोनच्या थराला घातक असल्यामुळे मॉन्ट्रियल करारानुसार भारतात त्याचे उत्पादन २००८ साली बंद झाले आणि असे बहुतेक एसी आर-१३४एवर बदलले गेले. बदलताना वजनाने मूळच्या ८० ते ९० टक्केच वायू भरायचा असतो. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी ड्रायरवरच्या (वायूतला ओलावा शोषणाऱ्या डबीवरच्या) काचेत बुडबुडे दिसेनासे होईपर्यंत वायू भरण्याची जुनी सवय चालू राहिली. आर-१२साठी ती खूण बरोबर होती. आर-१३४एमध्ये वायू योग्य प्रमाणात असतानाही काचेत बुडबुडे किंवा फेस दिसू शकतो, आणि तो घालवण्याच्या नादात वायू जास्त भरला जातो. जास्त वायू म्हणजे जास्त दाब, म्हणजे आयडलिंगवर जास्त भार. तेव्हा एकदा सगळा वायू यंत्राने काढून घ्यावा, व्हॅक्यूम करावे आणि वजनकाट्यावर मोजून भरावा. गार हवा थोडीही कमी न होता इंजिन हलके झाल्याचे अनेकदा दिसते.

विजेचा भारही विसरू नये. ब्लोअर, नवा पंखा, क्लचची कॉइल आणि रात्रीचे हेडलाइट मिळून ३० अँपिअरची मागणी सहज होते. १४ व्होल्टला हे ४२० वॅट झाले, आणि अल्टरनेटर व पट्टा यांतली गळती धरली की इंजिनाच्या माथी जवळपास एक हॉर्सपॉवर पडते. तुम्ही अल्टरनेटर आधीच बसवलेला आहे हे चांगले केले. मूळच्या डायनॅमोवर असा एसी चालवणाऱ्यांना मी स्पष्ट नकार देतो, कारण डायनॅमो आयडलिंगला जवळपास चार्जच देत नाही. बॅटरीचे व्होल्टेज उतरते, त्याबरोबर इग्निशन कॉइलची ठिणगी क्षीण होते, आणि नेमके भार असतानाच इंजिन मिसिंग देऊ लागते.

आता इंजिनाकडे वळू. टॅपेट, पॉइंट, प्लग आणि टायमिंग ही कामे झालेली आहेत असे मी धरून चालतो; ती झालेली नसतील तर पुढचे सगळे व्यर्थ आहे. जुन्या सोलेक्सवर दोन जागा आवर्जून पाहाव्यात. एक, थ्रॉटलच्या दांड्याची भोके. वर्षानुवर्षांच्या वापराने ती लांबट होतात, दांडा बोटाने हलवला तर खुळखुळतो आणि तिथून फुकटची हवा आत जाते. दुसरी, कार्बोरेटरखालचा बेकलाइटचा ठोकळा आणि त्याचे पॅकिंग. नट वाजवीपेक्षा जास्त आवळल्यामुळे कार्बोरेटरची पट्टी कानांपाशी वाकते आणि मध्यभागी फट राहते. दांड्याला बुश मारून देणारे कारागीर काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या जोरावर मुंबईत गल्लोगल्ली होते. पद्मिनी टॅक्सी २०२३मध्ये रस्त्यावरून गेल्यानंतर ते शोधावे लागतात, पण कोणत्याही चांगल्या लेथवर हे काम होऊ शकते.

स्लो स्क्रू आवळून आयडलिंग वाढवण्याला माझा विरोध का, तेही इथेच समजते. आयडलिंगला पेट्रोल मुख्य जेटमधून येत नाही. ते थ्रॉटलच्या पाकळीखालच्या एका बारीक भोकातून येते, ज्यावर मिक्स्चर स्क्रूचा ताबा असतो. पाकळीच्या कडेच्या किंचित वर आणखी एक-दोन भोके असतात. ॲक्सिलरेटर दाबायला सुरुवात केली की पाकळीची कड त्यांच्यावरून सरकते आणि मुख्य जेट काम करू लागेपर्यंतचे पेट्रोल ती पुरवतात. स्लो स्क्रू फार आवळला की पाकळी कायमचीच या भोकांपलीकडे उघडी राहते. मग आयडलिंगचे पेट्रोल त्या भोकांतून येऊ लागते, मिक्स्चर स्क्रूला काही अर्थ उरत नाही, आणि गाडी हलवताना जिथे ज्यादा पेट्रोल मिळायचे तिथे ते आधीच खर्च झालेले असल्याने इंजिन अडखळते. डेल्कोला, म्हणजे डिस्ट्रिब्युटरला, व्हॅक्यूम ॲडव्हान्स (व्हॅक्यूमने टायमिंग पुढे सरकवणारी सोय) असेल आणि त्याची नळी कार्बोरेटरवर याच उंचीवर असेल, तर उभ्या गाडीत टायमिंगही पुढे सरकते, आरपीएम आणखी वाढते आणि ते स्थिर राहत नाही. चावी काढल्यावर इंजिन चालत राहण्याचे कारणही हेच: उघड्या पाकळीतून मिश्रण आत येत राहते आणि दहनकक्षातला तापलेला कार्बन ते ठिणगीशिवाय पेटवत राहतो.

तुमची गाडी या अवस्थेत आहे का हे घरच्या घरी तपासता येते. इंजिन पूर्ण गरम असताना, एसी बंद ठेवून, मिक्स्चर स्क्रू हलक्या हाताने आत फिरवत न्यावा. इंजिन निरोगी असेल आणि पाकळी योग्य जागी असेल तर स्क्रू शेवटाला पोहोचायच्या आत इंजिन लंगडू लागते आणि बंद पडते. स्क्रू पूर्ण आत जाऊनही इंजिनाला काहीच फरक पडला नाही, तर पाकळी जास्त उघडी आहे असे समजावे. अशा वेळी स्लो स्क्रू सैल करत ७५० ते ८०० आरपीएमवर आणावा आणि मिक्स्चर स्क्रू पुन्हा लावावा. पद्मिनीला टॅकोमीटर नसल्याने बाहेरचे मीटर जोडून हे काम करावे. कानाने लावलेले आयडलिंग बहुधा शंभर-दीडशेने चुकलेले असते, आणि ते नेहमी वरच्या बाजूलाच चुकते.

एवढे झाल्यावर आयडल-अपचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो. बाजारात तीन मार्ग सांगितले जातात. थ्रॉटलखाली हवा सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह हा त्यांतला सर्वांत स्वस्त, पण कार्बोरेटरच्या गाडीत तो मला मान्य नाही: इंजेक्शनच्या गाडीत अशी हवा वाढली की ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) तिच्या प्रमाणात पेट्रोल वाढवतो, कार्बोरेटरमध्ये ते वाढवणारे कोणी नसल्याने मिश्रण पातळ होते आणि भार असतानाच इंजिन मिस करते. विजेचा सोलेनॉइड थ्रॉटलच्या लीव्हरला थेट ढकलतो. तो चालतो, पण लहान सोलेनॉइडमध्ये उघडलेले थ्रॉटल धरून ठेवण्याइतका जोर असतो, स्प्रिंगविरुद्ध ते उघडण्याइतका नसतो, म्हणून प्रत्येक वेळी ॲक्सिलरेटरला हलका स्पर्श करावा लागतो. एसी दर मिनिटा-दोन मिनिटांनी चालू-बंद होत असताना हे कोण करत बसणार!

तिसरा मार्ग व्हॅक्यूमच्या डायफ्रामचा, आणि मी तोच सुचवतो. कार्बोरेटरच्या मारुती ८०० आणि ओम्नीमध्ये हीच व्यवस्था कारखान्यातून येत होती: विजेवर उघडणारा व्हीएसव्ही नावाचा छोटा व्हॉल्व्ह मॅनिफोल्डचे व्हॅक्यूम डायफ्रामपर्यंत पोहोचवतो आणि डायफ्रामची दांडी थ्रॉटल किंचित उघडते. ते भाग जुन्या बाजारात मिळतात. पद्मिनीत डायफ्रामसाठी मॅनिफोल्डच्या बोल्टवरून घट्ट, न हलणारी ब्रॅकेट करून घ्यावी, आणि दांडीच्या टोकाला लॉकनटसह स्क्रू ठेवावा, म्हणजे आरपीएम तिथून लावता येईल. दांडीने लीव्हर फक्त ढकलला पाहिजे. ती लीव्हरला जखडली तर ॲक्सिलरेटर जड होतो. व्हॅक्यूमची नळी कार्बोरेटरखालच्या सामाईक भागातून घ्यावी, एखाद्या सिलिंडरच्या फाट्यातून घेऊ नये. भोक पाडायचे असल्यास मॅनिफोल्ड उतरवूनच पाडावे, कारण बुरा आत गेला तर तो थेट व्हॉल्व्हच्या सीटवर जातो.

या व्यवस्थेत एक अंगभूत उणीव आहे, जी फारशी कोणी सांगत नाही. निरोगी इंजिन आयडलिंगला पाऱ्याच्या १७ ते २१ इंच इतके व्हॅक्यूम देते, पण भार पडून आरपीएम खाली आले की व्हॅक्यूमही उतरते, म्हणजे डायफ्रामला ताकद हवी असते नेमकी तेव्हाच ती कमी मिळते. उंचीवरही तसेच होते: दर हजार फुटांना अंदाजे एक इंच धरला, तर महाबळेश्वरला चार इंच आधीच गेलेले असतात. यावर उपाय म्हणजे मध्ये छोटी व्हॅक्यूम टाकी आणि तिच्या तोंडाशी एकेरी व्हॉल्व्ह बसवणे. टाकीत आधीचे चांगले व्हॅक्यूम साठून राहते आणि व्हीएसव्ही उघडताच डायफ्राम झटक्यात ओढला जातो.

वायरिंगमध्ये व्हीएसव्हीला वीज कुठून द्यायची यावर मतभेद आहेत. डॅशबोर्डवरच्या एसीच्या बटणावरून दिली तर थ्रॉटल आधीपासूनच उघडे असते आणि झटका जाणवत नाही, पण थर्मोस्टॅटने कॉम्प्रेसर बंद केला की इंजिन मोकळे होऊन १२०० आरपीएमवर जाते आणि कोंडीत ते त्रासदायक ठरते. थर्मोस्टॅटनंतरच्या, म्हणजे क्लचच्या वायरीवरून दिली तर थ्रॉटल कॉम्प्रेसरबरोबरच उघडते आणि मिटते. फक्त क्लच आधी चिकटतो आणि डायफ्राम अर्धा क्षण मागे राहतो. मी दुसरी पद्धत पसंत करतो आणि क्लचच्या अलीकडे अर्ध्या सेकंदाचा टायमर रिले टाकतो, म्हणजे थ्रॉटल आधी उघडते आणि भार मग येतो. नव्या गाड्यांत ईसीयू हेच करतो. क्लचच्या कॉइलला समांतर डायोड लावायला विसरू नये, नाहीतर कॉइल बंद होताना येणारा उलटा झटका रिलेचे पॉइंट जाळतो. सगळा पुरवठा इग्निशन चावीमागून घेतला की चावी काढताच डायफ्राम सुटतो, पाकळी मिटते आणि गचके खाण्याचा त्रासही जातो.

शेवटचे माप असे घ्यावे. वीस-पंचवीस मिनिटे गाडी चालवून आणावी. एसी बंद असताना आयडलिंग ७५०-८०० असावे. मग व्हीएसव्हीची वायर काढून एसी लावावा: आरपीएम दीडशे-दोनशेने उतरून तिथेच टिकले पाहिजे. तीनशेच्या वर उतरले तर आयडल-अपने ते झाकू नये. कंडेन्सर, वायू आणि पट्ट्याची घसरण पुन्हा तपासावी. टिकले तर वायर जोडून, ब्लोअर आणि हेडलाइट चालू ठेवून, दांडीच्या स्क्रूने ९०० ते ९५० लावावे. याहून वर नेण्याची गरज पद्मिनीला नसते. काही जण जास्त गारव्यासाठी ११०० ठेवतात. त्यापेक्षा क्रँकची पुली किंचित मोठी करून घेतलेली बरी, कारण तिने कॉम्प्रेसर वेगाने फिरतो आणि इंजिन शांत राहते, मात्र भारही तितका वाढतो आणि हायवेवरचा कॉम्प्रेसरचा कमाल वेग हिशेबात धरावा लागतो. कूलिंग कॉइलच्या थर्मोस्टॅटचा चालू-बंद होण्यातला फरक तीन-चार अंशांपेक्षा कमी असेल तर क्लच सारखा चिकटत-सुटत राहतो आणि उत्तम लावलेले आयडलिंगही डोलते; तेव्हा तो थर्मोस्टॅट बदलावा.

५०८च्या जागी लहान ५०५ कॉम्प्रेसर बसवावा का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. त्याची एका फेरीची क्षमता सुमारे ८७ सीसी, म्हणजे जवळपास ३७ टक्क्यांनी कमी आहे. पद्मिनीच्या काचा मोठ्या आहेत आणि छताखाली उष्णतारोधक थर नावालाच असतो, त्यामुळे मे महिन्यात दुपारी तो कमी पडेल. आधी पंखा आणि मोजून भरलेला वायू यांचा परिणाम पाहावा. माझ्या अंदाजाने ५०८ काढण्याची वेळ येणार नाही. घाट चढताना मात्र एसी बंद ठेवावा, किंवा ॲक्सिलरेटरच्या दांडीपाशी एक मायक्रोस्विच लावून तळापर्यंत दाबल्यावर क्लच आपोआप सुटेल अशी सोय करावी. त्या इंजिनाला खंबाटकीत प्रत्येक हॉर्सपॉवर लागते.